कर्बाचा प्रकाश आणि प्राणवायूची रूपे : एका वैज्ञानिक विषयाच्या परिभाषेचा विचार

१. विषयप्रवेश

विज्ञानातील एखादा नवा विषय भारतीय भाषेत आणताना पहिली अडचण शब्दांच्या अभावाची असते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु शब्द नसणे ही त्यामानाने सोपी अडचण होय. नवा शब्द घडविता येतो, परका शब्द जसाच्या तसा घेता येतो आणि काही वर्षांच्या वापराने दोन्ही रुळतात. अधिक कठीण प्रसंग येतो तो शब्द पूर्वीपासून रुळलेला असूनही त्याचा अर्थ विषयाला अपुरा पडतो तेव्हा. अशा वेळी वाचकाला शब्द कळतो, म्हणून विषयही कळला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या हाती विषयाची एकच बाजू आलेली असते.

गेल्या दोन दशकांत रसायनशास्त्र व वैद्यक यांच्या सीमेवर विकसित झालेला एक विषय या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. कार्बनचे अतिसूक्ष्म कण विशिष्ट परिस्थितीत प्रकाश देतात. त्या प्रकाशातील बदलावरून सजीव शरीरातील ऑक्सिजनच्या काही अल्पायुषी आणि अत्यंत क्रियाशील रूपांचा माग काढता येतो. या विषयाचे दोन आधारस्तंभ म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन. मराठीत पहिल्याला ‘कर्ब’ आणि दुसऱ्याला ‘प्राणवायू’ अशी नावे आहेत. दोन्ही परिचयाची आहेत. ती या विषयाचा भार कितपत पेलतात आणि जेथे पेलत नाहीत तेथे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. नावांचा इतिहास : ऑक्सिजन

अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात शेले आणि प्रीस्टली यांनी हा वायू वेगळा केला. लाव्हॉजिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७७ मध्ये त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा होतो. सर्व आम्लांत हा वायू असलाच पाहिजे, अशी त्याची समजूत होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने क्लोरिन हे स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे दाखविले. त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे स्पष्ट झाले आणि लाव्हॉजिएची समजूत चुकीची ठरली. नाव मात्र राहिले.

भारतीय भाषांनी या नावाला दोन प्रकारे प्रतिसाद दिला. कन्नडातील ‘आम्लजनक’, बंगालीतील ‘अम्लजान’ व तेलुगूतील ‘आम्लजनि’ हे शब्द मूळ युरोपीय नावाचे अर्थानुवाद होत. अनुवाद निष्ठेने झाल्यामुळे मूळ नावातील चूकही त्यांत सुरक्षित राहिली आहे. मराठीतील ‘प्राणवायू’, तेलुगूतील ‘प्राणवायुवु’ आणि तमिळमधील ‘उयिर्वळि’ यांनी निराळा मार्ग घेतला. त्यांनी युरोपीय नावाचा अर्थ बाजूला ठेवून या वायूचे सजीवांशी असलेले नाते नावात आणले. ‘प्राणवायू’ हा शब्द तर कोरा नव्हता. आयुर्वेदात प्राण, उदान, व्यान, समान आणि अपान अशा पाच वायूंची कल्पना आहे आणि त्यांतील पहिल्याचे नाव या नव्या वायूला मिळाले. शरीरातील एका व्यापाराचे नाव हवेतील एका मूलद्रव्याला दिले गेले, हे अर्थांतर लक्षणीय आहे.

या शब्दाची शक्ती किती आहे हे २०२१ च्या साथीत दिसून आले. त्या वर्षी मराठी वृत्तपत्रांत ‘प्राणवायू’ हा शब्द दररोज छापून येत होता. नळकांड्यांची टंचाई, रुग्णालयांतील साठे, रुग्णांच्या रक्तातील प्रमाण या सर्वांसाठी तो सहजपणे वापरला गेला आणि तो समजला नाही असा वाचक नव्हता. परिभाषाकाराला याहून अधिक यश मिळू शकत नाही. मात्र याच यशामुळे एक गोष्ट झाकली जाते. ज्या वायूचे नावच प्राण आहे तो पेशीला इजा करू शकतो, हे विधान मराठी वाचकाला आत्मविरोधी वाटते. ‘ऑक्सिजन’ या शब्दाच्या वाचकाला तसे वाटण्याचे कारण नाही.

३. प्राणवायूची दुसरी बाजू

श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनचे अखेरीस पाणी होते. त्यासाठी ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळावे लागतात. हे चार इलेक्ट्रॉन एकदम न मिळता एकेक करून मिळाले तर मधल्या पायऱ्यांवर काही अर्धवट रूपे तयार होतात. पहिल्या पायरीवर सुपरऑक्साइड, दुसऱ्या पायरीवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तिसऱ्या पायरीवर हायड्रॉक्सिल मूलक मिळते. यांखेरीज प्रकाशाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या योगाने ऑक्सिजनचा रेणू उत्तेजित होऊन ‘सिंग्लेट’ अवस्थेत जाऊ शकतो. या सर्वांना एकत्रितपणे ऑक्सिजनची क्रियाशील रूपे म्हणता येईल.

यांतील हायड्रॉक्सिल मूलक सर्वांत आक्रमक आहे. पेशीत त्याचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे एक अब्जांश भागाइतके असते. ज्या रेणूशी प्रथम गाठ पडेल त्याच्याशी ते तेथल्या तेथे संयोग पावते. हायड्रोजन पेरॉक्साइड त्या मानाने सौम्य व दीर्घायुषी असून पेशीच्या पटलातून पलीकडे जाऊ शकते. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमान यांनी ऑक्सिजनची विषाक्तता व क्ष-किरणांची इजा यांचे मूळ मुक्त मूलकांत असल्याचे मत मांडले. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचाही संबंध मुक्त मूलकांशी जोडला. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचे विघटन करणारे विकर शोधले. असे विकर शरीरात आहे, त्या अर्थी ज्याचे ते विघटन करते ते रूपही शरीरात सतत उत्पन्न होत असले पाहिजे, हे अनुमान त्यातून पुढे आले.

येथवरचे वर्णन वाचून या रूपांना शत्रू ठरविण्याचा मोह होतो. पण तेही अर्धसत्यच ठरेल. रक्तातील श्वेतपेशी जंतूंना मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम निर्माण करतात. ज्यांच्या शरीरात ही क्षमता जन्मतःच नसते त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतो. २००९ मध्ये झेब्राफिश या लहान माशावरील प्रयोगांत असे दिसले की, शेपटीला जखम होताच तेथून हायड्रोजन पेरॉक्साइडची लाट पसरते आणि तिच्या मागोव्याने श्वेतपेशी जखमेकडे येतात. म्हणजे हे रूप येथे संदेशवाहकाचे काम करते.

या भेदाला व्यवहारातही महत्त्व आहे. ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ जितके अधिक घ्यावेत तितके आरोग्य सुधारते, असा समज जाहिरातींमुळे रूढ झाला आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. शत्रूचा नाश म्हणजे कल्याण, हे सूत्र येथे लागू पडले नाही. कोणते रूप, शरीराच्या कोणत्या भागात, किती प्रमाणात आणि किती वेळ, हे प्रश्न विचारल्यावाचून ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असा निर्णय देता येत नाही. या प्रश्नांचे उत्तर मिळविण्यासाठी ही रूपे जिवंत शरीरात, ती असतील तेव्हा आणि असतील तेथे पाहता आली पाहिजेत.

४. नावांचा इतिहास : कार्बन

दुसऱ्या स्तंभाकडे वळताना पुन्हा नावापासूनच आरंभ करणे योग्य होईल. लॅटिनमधील ज्या शब्दावरून ‘कार्बन’ हे नाव आले त्याचा अर्थ कोळसा असा आहे. बंगालीत या मूलद्रव्यासाठी ‘अंगार’ हा शब्द वापरात आला. कन्नडात त्याला ‘इंगाल’ म्हणतात. संस्कृतातील ‘अङ्गार’ हा शब्द प्राकृतात ‘इंगाल’ झाला. त्याच प्राकृत रूपापासून मराठीतील ‘इंगळ’ हा शब्द आलेला आहे. मराठीत इंगळ म्हणजे धगधगता निखारा. एकाच शब्दाने कन्नडात मूलद्रव्याचे नाव होणे पत्करले आणि मराठीत चुलीतील विस्तव होऊन राहणे पत्करले, असे म्हणता येईल.

मराठीने मूलद्रव्यासाठी ‘कर्ब’ हा शब्द स्वीकारला. तो ‘कार्बन’चाच संस्कृतसदृश संक्षेप आहे. शालेय पुस्तकांत आज ‘कार्बन’ हा शब्द अधिक दिसतो. तरीही ‘कर्ब’ लोपलेला नाही. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना असतो आणि तो शेतकऱ्याला समजतो. ‘नत्र, स्फुरद, पालाश’ ही त्रयी तर ग्रामीण महाराष्ट्रात घरोघर पोचली आहे. आहारशास्त्रातील ‘कर्बोदके’ हा शब्दही रूढ आहे. या शब्दांना कोशाने जन्म दिला असला तरी जिवंत ठेवले ते खताच्या पोत्याने, कृषी खात्याच्या पत्रकाने आणि रोजच्या गरजेने. परिभाषा कोशात घडते, परंतु तिचे आयुष्य वापरावर ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

‘कर्बोदक’ या शब्दाची फोड प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. कर्ब आणि उदक मिळून कर्बोदक. साखर, पिष्ट यांसारखे पदार्थ तापविले की त्यांतील पाणी निघून जाते, पदार्थ तपकिरी होत जातो आणि कर्बाचा अंश वाढतो. प्रकाश देणारे कर्बकण तयार करण्याची एक प्रचलित पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. ज्या वाचकाला ‘कर्बोदक’ हा शब्द फोडून वाचता येतो त्याला या पद्धतीचे मर्म अर्धेअधिक आधीच कळलेले असते.

५. काजळी, कापूर आणि गूळ

अशा कणांचा शोध अनपेक्षितपणे लागला. २००४ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात काही संशोधक विद्युत्‌ ठिणगीने बनविलेल्या काजळीतून कार्बनच्या नलिका शुद्ध करीत होते. त्या वेळी काजळीचा एक अंश प्रकाश देतो असे त्यांना आढळले. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील सुन या-पिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कणांच्या पृष्ठावर योग्य रेणू बसवून त्यांचा प्रकाश पुष्कळ वाढविला आणि त्यांना ‘कार्बन डॉट्स’ हे नाव दिले. २००७ मध्ये मेणबत्तीच्या काजळीवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून निरनिराळ्या रंगांचा प्रकाश देणारे कण वेगळे करण्यात आले. काजळ हे काळेपणाचे रूढ प्रतीक असताना त्यातूनच रंगीत प्रकाश निघावा, ही घटना अलंकारशास्त्राच्या अभ्यासकालाही रंजक वाटेल. पण येथे ती शब्दशः खरी आहे.

घरगुती पदार्थांतून कर्बाची नवी रूपे मिळविण्याचे प्रयत्न भारतात याआधीच झाले होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महेश्वर शरण व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरापासून फुलरीन ही कार्बनची गोलाकार रूपे मिळविली आणि १९९४ मध्ये त्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. ज्वलनानंतर काही मागे ठेवत नाही म्हणून देवापुढे जाळला जाणारा कापूर योग्य परिस्थितीत जाळला तर कर्बाची मोलाची काजळी मागे ठेवतो, हे त्यातून दिसले. २०१२ मध्ये गुवाहाटीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी पाव, बिस्किटे, करपवलेली साखर आणि गूळ यांसारख्या पदार्थांत प्रकाश देणारे कर्बकण मुळातच असतात, असे दाखविले. उसाचा रस काहिलीत आटविताना साखरेचा थोडा भाग करपतो आणि त्यातून हे कण बनतात. कोल्हापूरच्या किंवा म्हैसूरजवळच्या मंड्याच्या गुऱ्हाळात हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. त्याला नाव नव्हते, एवढेच.

या कणांचा आकार सामान्यतः १० नॅनोमीटरांहून कमी असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाच्या केसाची जाडी काही दशसहस्र नॅनोमीटर भरते. म्हणजे केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने मावतील.

कर्बकणाचा प्रकाश कोणत्या जातीचा आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. इंगळ प्रकाश देतो तो तापल्यामुळे. काजवा प्रकाश देतो तो त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियेमुळे. त्यात उष्णता जवळजवळ नसते. कर्बकण यांपैकी कोणत्याच मार्गाने प्रकाश देत नाही. त्याच्यावर अतिनील किंवा निळा प्रकाश पाडला की तो ऊर्जा शोषतो आणि तिचा काही भाग अधिक लांब तरंगलांबीच्या, म्हणजे दुसऱ्या रंगाच्या, प्रकाशाच्या रूपाने परत देतो. वरचा प्रकाश थांबला की हाही थांबतो. हा प्रकाश कणाच्या गाभ्यातून येतो, पृष्ठावरील रासायनिक गटांतून येतो की कणासोबत तयार झालेल्या लहान रेणूंतून येतो, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. निरनिराळ्या कणांच्या बाबतीत उत्तरही निरनिराळे असू शकेल.

६. प्रकाशाची साक्ष

ऑक्सिजनची क्रियाशील रूपे थेट पाहणे दुष्कर आहे. ती अल्पायुषी असतात, प्रमाणाने थोडी असतात आणि अपारदर्शक ऊतींच्या आत असतात. रक्ततपासणीत त्यांनी केलेल्या हानीचे अवशेष मिळतात, घटना मिळत नाही. पूर्वीपासून वापरात असलेली सेंद्रिय रंजके प्रकाशाखाली लवकर फिकी पडतात; काही तर प्रकाशामुळेच ऑक्सिडीभूत होऊन खोटी साक्ष देतात. कॅडमियमयुक्त पुंजकण तेजस्वी असतात. अशा पुंजकणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु कॅडमियम विषारी असल्याने शरीरात त्यांचा वापर शंकास्पद ठरतो. कर्बकणांकडे लक्ष वळण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

कर्बकणांची साक्ष तीन प्रकारे मिळविता येते. पहिल्या प्रकारात क्रियाशील रूप कणाच्या पृष्ठावरील गटांशी संयोग पावते आणि कणाचा प्रकाश मंद होतो. दुसऱ्या प्रकारात कणाला प्रकाश दाबणारा एक रेणू जोडून ठेवलेला असतो. क्रियाशील रूपाने तो बंध तोडला की दडलेला प्रकाश प्रकट होतो. तिसऱ्या प्रकारात दोन रंग असतात, एक स्थिर व दुसरा बदलणारा, आणि त्यांच्या गुणोत्तरावरून प्रमाण काढले जाते. पहिल्या प्रकारात प्रकाश मंद झाला तो क्रियाशील रूपामुळे की कण तेथून निघून गेल्यामुळे, हे कळत नाही. म्हणून तिसरा प्रकार अधिक विश्वसनीय समजला जातो.

शरीराच्या खोल भागासाठी निळा किंवा हिरवा प्रकाश फारसा कामाचा नाही. तो त्वचा व रक्त यांत शोषला जातो. अवरक्त पट्ट्यातील लाल रंगालगतचा प्रकाश ऊतींतून त्या मानाने अधिक सहज पार होतो. २००२ मध्ये राइस विद्यापीठातील संशोधकांनी एकपदरी कार्बन नलिका नेमका याच पट्ट्यात प्रकाश देतात असे दाखविले. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने अशा नलिकांच्या साहाय्याने जिवंत पेशीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे एकेक रेणू टिपले. २०१३ मध्ये त्याच गटाने नलिका उंदरांच्या शरीरात ठेवून नायट्रिक ऑक्साइड या निकटच्या क्रियाशील रेणूचा वेध घेतला; त्वचेखाली ठेवलेल्या नलिका ४०० दिवसांहून अधिक काळ कार्यक्षम राहिल्या. २०२० मध्ये वनस्पतीच्या पानाला जखम झाल्यावर उठणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची लाट नलिकांनी टिपली गेली. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे सूक्ष्म हिऱ्यांचा उपयोग केला जातो. हिऱ्यातील नायट्रोजनयुक्त दोषस्थळांचा प्रकाश जवळच्या मुक्त मूलकांच्या चुंबकीय प्रभावाने बदलतो. हिरा हाही अखेर कर्बच होय.

या यशाच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. बहुतेक प्रयोग पेशींवर आणि प्राण्यांवर झालेले आहेत. रुग्णाच्या नित्य तपासणीत ही पद्धत आलेली नाही. एकच कण अनेक रूपांना प्रतिसाद देऊ शकतो. आम्लतेतील बदलही त्याचा प्रकाश बदलू शकतो. आणि ऊतींचा स्वतःचा मंद प्रकाश निरीक्षणात मिसळतो. कण शरीरात किती काळ राहतात आणि कोणत्या मार्गाने बाहेर पडतात, याचे उत्तर प्रत्येक प्रकारच्या कणासाठी स्वतंत्रपणे मिळवावे लागते. गुळात असे कण असतात म्हणून प्रयोगशाळेत बनविलेले कण रक्तात सोडणे निर्धोक ठरत नाही.

७. परिभाषेचे चार प्रश्न

वरील विवेचनात जे शब्द वापरले त्यांपैकी चारांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

पहिला शब्द ‘रूप’. इंग्रजीत या रेणूंच्या समूहाला ‘रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज’ म्हणतात. त्यातील शेवटच्या शब्दाचे ‘प्रजाती’ असे भाषांतर सहज सुचते. परंतु मराठीत प्रजाती ही वनस्पतींची किंवा प्राण्यांची असते. रेणूंना तो शब्द लावला की, शरीरात शिरलेले काही सजीव आहेत असा भास होतो. ‘रूप’ या शब्दात हा दोष नाही. एकाच देवतेची सौम्य व उग्र रूपे असू शकतात, ही कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही. प्राणवायूही एकच आहे आणि त्याची रूपे अनेक आहेत, असे म्हटल्याने या नावातून उद्भवणारा आत्मविरोध नाहीसा होतो. मात्र विशेषण ‘उग्र’ असू नये, ‘क्रियाशील’ असावे. ‘उग्र’ म्हटल्याने निर्णय आधीच दिला जातो आणि जखमेकडे श्वेतपेशींना बोलावणाऱ्या पेरॉक्साइडवर अन्याय होतो.

दुसरा शब्द प्रकाशाच्या प्रकाराचा. ‘फ्लुओरेसन्स’ व ‘फॉस्फोरेसन्स’ यांसाठी प्रतिदीप्ती, अनुदीप्ती, स्फुरण, अनुस्फुरण असे एकाहून अधिक शब्द वापरात आहेत. यांपैकी ‘प्रतिदीप्ती’ पहिल्या अर्थी ठेवणे युक्त दिसते. ‘प्रति’ या उपसर्गात प्रत्युत्तराचा भाव आहे. वरून प्रकाश आला म्हणजेच कण प्रकाश देतो. वरचा प्रकाश थांबल्यानंतरही जो टिकतो त्याला ‘अनुदीप्ती’ म्हणावे. ‘स्फुरण’ टाळावे. त्याचा संबंध स्फुरदाशी जोडला जातो आणि पांढऱ्या स्फुरदाचे चमकणे हे तर हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या संथ रासायनिक क्रियेचे फळ आहे. जातीने ते काजव्याच्या जवळचे आहे, प्रतिदीप्तीच्या नाही.

तिसरा शब्द ‘अब्जांश’. ‘नॅनो’साठी मराठीत तो काही काळ वापरला गेला. अर्थाच्या दृष्टीने तो निर्दोष आहे आणि संख्यावाचनाची ज्याला सवय आहे त्याला तत्काळ कळतो. तथापि मापाचे एकक ‘नॅनोमीटर’ हेच ठेवणे सोयीचे, कारण एकके सर्व जगात एकच असावीत. ‘अब्जांश’ स्पष्टीकरणासाठी आणि ‘नॅनो’ मापासाठी, अशी विभागणी व्यवहार्य ठरेल.

चौथा शब्द ‘प्रोब’साठीचा. सुश्रुताने शस्त्रांच्या यादीत ‘एषणी’चा समावेश केला आहे. व्रणाचा मार्ग किती खोल गेला आहे हे चाचपून पाहण्याचे ते साधन. शरीरात शिरून आतली वार्ता आणणाऱ्या कणाला ‘एषणी’ म्हणणे अर्थाला धरून आहे. फरक इतकाच की, जुनी एषणी स्पर्शाने सांगत असे आणि ही प्रकाशाने सांगते.

८. म्हैसूर : दोन परिसर

परिभाषेचा हा प्रश्न कोठे सुटावयाचा, याचा विचार करताना म्हैसूर शहराचे उदाहरण उद्बोधक आहे. भारतीय भाषा संस्थान १९६९ मध्ये येथे स्थापन झाले. ज्या मानसगंगोत्री परिसरात ते आहे त्याला ते नाव कुवेम्पू या कन्नड कवीने दिले. २००८ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेले राष्ट्रीय अनुवाद अभियान या संस्थानामार्फतच चालते. ज्ञानविषयक ग्रंथ आठव्या अनुसूचीतील भाषांत आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. याच शहरात १९५० पासून केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था असून मसाल्यांच्या पदार्थांतील ऑक्सिडीकरणविरोधी गुणांवर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले आहे. मानसगंगोत्रीपासून काही किलोमीटरांवर हेब्बाळ आहे. एके काळचे हे गाव आज औद्योगिक वसाहत म्हणून आणि इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्रासाठी ओळखले जाते. भारताच्या सर्व प्रांतांतून, महाराष्ट्रातूनही, तरुण पदवीधर तेथे शिकण्यास येतात.

एका शहरात शब्द घडविणारी संस्था आहे आणि ज्यांच्यासाठी ते घडवावेत असे तंत्रज्ञही आहेत. तरीही हेब्बाळच्या वर्गात तांत्रिक ज्ञान इंग्रजीतूनच दिले-घेतले जाते आणि मानसगंगोत्रीतील शब्द पुष्कळदा कोशातच राहतात. दोष कोणा एका संस्थेचा नाही. ‘स्फुरद’ ज्या वाटेने शेतात पोचला तशी वाट येथे कोणी बांधलेली नाही, हे खरे कारण होय. महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिभाषाकोश झाले, व्याख्याने व नियतकालिके झाली. रुग्णाच्या हाती पडणारा तपासणीचा अहवाल, औषधाच्या वेष्टणावरील मजकूर आणि आहाराविषयीचा सल्ला मात्र अजून बहुतांशी या शब्दांच्या कक्षेबाहेर आहे. शब्दाची गरज सर्वांत तातडीची असते ती तेथेच.

९. समारोप

प्रस्तुत विषयाच्या अभ्यासातून काढता येणारा निष्कर्ष असा की, परिभाषेचे मूल्यमापन शब्द देशी की परका या एकाच कसोटीवर होऊ नये. ‘प्राणवायू’ हा सुंदर, रुळलेला आणि भावपूर्ण शब्द आहे. तो टाकण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या शेजारी ‘क्रियाशील रूपे’ हा शब्दप्रयोग उभा केला नाही तर वाचक अर्ध्या ज्ञानावर थांबतो आणि अर्ध्या ज्ञानाचा लाभ जाहिरातदारास होतो. ‘कर्ब’ हा शब्द शालेय पुस्तकांतून मागे पडत असला तरी ‘कर्बोदक’ आणि ‘सेंद्रिय कर्ब’ यांच्या आधाराने तो नव्या विषयाचा भार सहज पेलू शकतो. कन्नडाचा ‘इंगाल’ आणि मराठीचा ‘इंगळ’ यांचे नाते आठवले तर असेही दिसते की, शेजारच्या भाषांनी परस्परांच्या परिभाषा पाहिल्यास प्रत्येकीला आपल्याच शब्दाचा विसरलेला अर्थ पुन्हा सापडू शकतो. भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास आजवर प्रामुख्याने काव्य व कथा यांपुरता होत आला. वैज्ञानिक नामांचा तसाच अभ्यास झाला तर विज्ञान भारतीय भाषांत आणण्याचे काम त्यामुळे पुष्कळ सुकर होईल.